तिरडीवरची झोप

बायको जाऊन आठ महिने झाले. घरात दोन माणसं होती, आता एक आहे. मुलगी म्हणते माझ्याकडं येऊन राहा. जावयाच्या घरी माणूस किती दिवस राहणार? मग तिनं शंभर पानी वही आणून दिली. म्हणाली, बाबा, बसून बसून भिंतीकडं पाहता, त्यापेक्षा लिहा. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही नीट नाही. पण गवंडीकामात मापं लिहून ठेवावी लागत, म्हणून अक्षर हातात राहिलं. काय लिहू विचारलं तर म्हणाली, त्या सिनेमाचं लिहा. तिला ती गमतीची गोष्ट वाटते. तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिला सगळं माहीत नाही.

सुरुवातीलाच सांगतो, मी दारुडा होतो. सणासुदीला घेणारा नाही, रोजचा. सकाळी ओळंबा धरला की दोरी थरथरायची. अर्धा पेला पोटात गेला की ओळंबा सरळ. दुपारनंतर पुन्हा थरथर, मग पुन्हा पेला. माझ्या हातची एका घराची भिंत पोट काढून अजून उभी आहे. त्या घरचे लोक अजून मला पाहून तोंड फिरवतात. बरोबरच आहे त्यांचं.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. दारूबंदी होती. म्हणजे दारू दुकानात नव्हती, नाल्यात होती. बुलढाण्याकडच्या धाड गावापासून दोन कोसांवर आमचं गाव, गावाबाहेर नाला, नाल्यात बाभळीच्या आड एका म्हातारीची भट्टी. गूळ, नवसागर आणि काय काय घालायची ती. तिथं बसणारी माणसं म्हणजे गावानं टाकून दिलेली. एक हमाल, त्याची पाठ गेली होती. एक ढोलकीवाला, तमाशातून हाकललेला. आणखी दोन-तीन येऊन जाऊन असायचे. गावात पाणी प्यायला वेगवेगळी भांडी, नाल्यात सगळ्यांना एकच जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा पेला. तिथं मला बरं वाटायचं, हे खोटं कशाला सांगू?

बायको शेतात निंदणाच्या कामाला जायची. सांज व्हायच्या आत नाल्याच्या अलीकडं, काठावर, पोरीला मांडीवर घेऊन बसायची. खाली कधी उतरली नाही. मी उठलो की मागं मागं घरापर्यंत यायची. पडलो तर उचलायची. वाटेत बोलायची नाही.

एक दिवस धाडकडून जीप आली. सरकारी सिनेमा काढणारे चार जण. त्यांचा साहेब मुंबईचा, जाड चष्मा, खादीचा सदरा. माणूस चांगला होता. हे आधी लिहून ठेवतो, नाही तर पुढचं वाचून कोणी त्यालाच शिव्या देईल.

साहेब थेट नाल्यात उतरले, आमच्याजवळ मातीत बसले. म्हणाले, "आम्ही व्यसनावर माहितीपट काढतोय. तुमचं जगणं आहे तसं दाखवायचं आहे."

ढोलकीवाला म्हणाला, "काहीबी काढा साहेब, पण आमचं तोंड काढू नका. माही बायको पळून गेली हाय, तिनं पाह्यलं तर तिले आनंद व्हईल."

सगळे हसले. पण तीन पायांच्या घोड्यावर कॅमेरा चढला तसा हमालानं धोतराचा सोगा तोंडावर घेतला, म्हातारी पिंप उलटं करून पळाली. मीच बसून राहिलो. मला काय लपवायचं होतं? साऱ्या गावाला माहीत.

साहेबांनी बाटलीत पाणी भरून दिलं. म्हणाले, "हे प्या आणि झिंगल्यासारखं करा."

"पाणी पेऊन झिंगणं मले जमत नाही साहेब. मंग खोटं दिसंल."

ते हसले, पण दारू त्यांनी दिली नाही. ती मीच घेतली. एक जण चांदीच्या कागदाचा फळा धरून माझ्या तोंडावर ऊन पाडायचा, दुसरा डोळा बारीक करून कॅमेऱ्यात पाहायचा. दोन दिवस माझे हात काढले, तोंड काढलं, पडणं काढलं. पडणं चांगलं जमलं, सवय होती.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी शेवट सांगितला. सिनेमात हा दारुडा मरतो. त्याची तिरडी अंगणात, आणि त्याची बायको कुंकू पुसते, बांगड्या फोडते. त्यासाठी बुलढाण्याहून नाटकात काम करणारी एक बाई येणार होती. ती आली नाही. साहेब आमच्या आळीत विचारायला आले, तर बायांनी धडाधड दारं लावली. जित्या नवऱ्याचं कुंकू कोण पुसणार?

माझी बायको भाकरी थापत होती. तशीच पिठाच्या हातानं बाहेर आली.

"हे मरणार हायेत का सिनेमात?"

"हो ताई. शेवटी."

"मंग यायची बायको मीच हाय. दुसरी कायले आणता?"

साहेबांनी दारं लावलेल्या आळीकडं पाहिलं. मग म्हणाले, "लोक काय म्हणतील, त्याचा विचार करा."

"लोक आजबी म्हणतेत. पण माही एक गोष्ट आयका. यायले अशा दवाखान्यात टाका, का तिथून बिना दारूचे वापस येतीन. हाय का असा दवाखाना?"

"नागपूरला आहे. एक डॉक्टर ओळखीचे आहेत. चिठ्ठी पाठवीन. वेळ लागेल, पण पाठवीन."

"देवाची आण घ्या."

"देवाची नको, आईची घेतो."

"चालते," ती म्हणाली आणि आत जाऊन उरलेली भाकर भाजली.

माझ्यावरून हे बोलणं चाललं होतं आणि मी भिंतीला टेकून हसत होतो. तिनं काय दिलं आणि काय मागितलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

शेजारच्या काकू धावत आल्या. "अवं, डोकं फिरलं काय तुहं? भरल्या कपाळाचं कुकू पुसतं का कोणी?"

"काकू, कुकू लावून काय झालं, ते तुमी पाहूनच राह्यल्या."

जित्या माणसासाठी तिरडी बांधायला गावातला एकही माणूस तयार झाला नाही. शेवटी ढोलकीवाल्यानं बांधली. बांगड्या आणायला साहेबांचा माणूस धाडच्या कासाराकडं गेला, तर त्यानं विचारलं, कोणाचं लगन हाय? मी त्या दिवशी सकाळपासूनच घेतली होती. मेलेल्याचं काम, हलायचं नाही, एवढंच. तिरडीवर आडवा झालो, छातीपर्यंत पांढरं कापड टाकलं, आणि मला झोप लागली.

पुढचं मी पाहिलं नाही. लोकांकडून ऐकलं. तीन वेळा करायला लावलं. पहिल्यांदा ढग आला, दुसऱ्यांदा कुत्रं मधे आलं. दर वेळी नवीन बांगड्या, नवीन कुंकू. साहेब म्हणाले, ताई, थोडं रडता येईल का? ती म्हणाली, "रडाले येत नाही साहेब. ते होऊन गेलं मागंच."

तोंडावर ऊन आलं तेव्हा मी जागा झालो. कॅमेरा जीपमधे गेला होता. ती ओट्यावर बसून मनगटातली काच काढत होती. कपाळ कोरं.

मी म्हटलं, "झालं का माहं मरण?"

"झालं. भाकर खाऊन घ्या."

तिनं लगेच आत जाऊन कुंकू लावलं. पण आळीनं ते कुंकू मानलं नाही. हळदी-कुंकवाचं बोलावणं बंद झालं. एका लग्नात नवरीला हळद लावायला सवाष्णी बोलावल्या, ही उठली, तर एकीनं हात धरून हिला खाली बसवलं. त्यानंतर कोणाच्या लग्नाला गेली नाही. टपालवाला धाडहून सायकलवर आठवड्यातून दोनदा यायचा. तो दिसला की हातातलं काम टाकून रस्त्यावर जायची. "आमची चिठ्ठी?" तो मान हलवायचा.

असे सहा-सात महिने गेले. कापसाचे दिवस आले. एका सकाळी मी ओट्यावर कांदा-भाकर खात होतो. शिवेकडून रडणं ऐकू आलं. आमच्याकडं दुखवट्याला येणाऱ्या बाया गावच्या शिवेपासूनच हंबरडा फोडत येतात. पाहिलं तर बायकोची भावजय पदर तोंडाला लावून येते आहे, मागं तिचा भाऊ. त्यांचं गाव जळगाव जामोदकडं, दोन एसट्या बदलून आले होते. मला वाटलं, सासू गेली. मी भाकर ठेवली आणि मीही रडायला लागलो.

भावजय रडत रडत माझे गुण सांगत होती. "अवो माह्या भाऊजी वोऽ, देवमाणूस व्हता वोऽ." माझं लक्ष माझ्याच रडण्यात, शब्द कानात शिरले नाहीत, मी तसाच ओट्यावर रडतो आहे. ती अगदी जवळ आली, पदर बाजूला केला आणि मला पाहून मटकन खाली बसली.

मी विचारलं, "कवा गेली सासू?"

भाऊ म्हणाला, "माय कायले जाईल? दाजी, तुमी मेले ना!"

"मी?"

"मी सोता पाह्यलं! नांदुऱ्याले कापूस घेऊन गेलतो. टॉकीजमधे पिच्चर लागाच्या आधी सरकारी दाखवतेत. त्यात तुमी तिरडीवर. ही कुकू पुसून राह्यली. अन् मांगून एक माणूस जड आवाजात सांगते, का हा माणूस दारूनं मेला."

"अबे, तो सिनेमा व्हता."

"पिच्चर खोटा असते दाजी, हे मले समजते. पण ते सरकारी व्हतं. सरकार काऊन खोटं सांगंल?"

आळी जमली होती, माणसं पोट धरून हसत होती. भावजयीनं आणलेली पिशवी मांडीखाली लपवली, पण ती सगळ्यांना दिसली. नवरा मेला की भावानं बहिणीला लुगडं आणायचं असतं. ते त्यांनी आणलं होतं. आणि दुखवट्याचं लुगडं एकदा उंबऱ्याशी आलं की परत माहेरी नेत नाहीत. भावाला ते नेता येईना, हिला घेता येईना. शेवटी हिनंच हात पुढं केला, दारातच ते फाडलं आणि भाकरीची फडकी केली.

लोक पांगल्यावर भाऊ तिला मागच्या दारी घेऊन गेला. मी आतून ऐकत होतो.

"बाई, चाल माह्यासंगं. पोरीले घे. नाही मेला तर आता मरंल. मी एसटीत सारा रस्ता रडलो, पण खरं सांगू? एका डोळ्यानं. दुसऱ्यानं वाटत व्हतं, सुटली माही बहीण."

"दादा, असं बोलू नाही."

"काऊन नाही? हायच काय इथं तुले?"

"चिठ्ठी येणार हाय."

"कायची चिठ्ठी?"

तिनं सगळं सांगितलं. भावानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मुंबईचा माणूस. कुकू पुसून घेतलं अन् गेला. तो काय चिठ्ठी पाठवते?"

"त्यानं आईची आण घेतली हाय."

"अन् नाही आली तर?"

"येईल."

भाऊ दुपारच्या गाडीनं गेला. जाताना मला म्हणाला, "दाजी, तुमी पायाची धूळ नाही तिच्या." मी म्हटलं, हो. मला माहीत होतं.

चिठ्ठी आली. साहेबांनी शब्द पाळला. महिन्याभरात दवाखान्याचं कार्ड आलं, माझं नाव घालून. सोमवारी हजर व्हायचं, दीड महिना राहायचं. टपालवाल्यानं ओट्यावर बसून वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचायला लावलं तेव्हा तो म्हणाला, "माय, एकच गोष्ट लिवली हाय, किती डाव वाचू?"

त्या दिवशी मी तिला हसताना पाहिलं. लग्नानंतर पहिल्या वर्षात हसायची, त्यानंतर तेव्हाच.

रविवारी तिनं मला न्हाऊ घातलं. सदरा धुतला. भाकरी, तीळ आणि मिरचीची चटणी फडक्यात बांधली. धाडच्या स्टँडपर्यंत पोरीला घेऊन चालत आली. मला एसटीत बसवलं, खिडकीतून म्हणाली, "घाबरू नका. दीड महिना काय, पाह्यता पाह्यता जाते." त्या दिवशी मी घेतली नव्हती. अंग नुसतं उडत होतं. पण जायचं ठरवून निघालो होतो, हे खरं आहे. यावर कोणी विश्वास ठेवो न ठेवो.

बुलढाण्याला गाडी बदलली. नांदुऱ्याला उतरलो, स्टेशनवर गेलो. नागपूरच्या गाडीला दोन तास होते. बाकावर बसलो. घाम सुटला, बोटं वाकडी व्हायला लागली, वाटलं की अंगात मुंग्या शिरल्या. समोर हमाल बसले होते. एकानं माझ्याकडं पाहिलं. दारुड्याला दारुडा ओळखू येतो, सांगावं लागत नाही. तो म्हणाला, "लय तरास होते काय? चाला."

मी चाललो.

गाडी आली तेव्हा मी रुळापलीकडच्या एका झोपडीत होतो. तिची शिटी ऐकली. उठलो नाही. हेच सांगायला एवढी पानं लिहिली. कोणी मला अडवलं नव्हतं. साहेबांनी फसवलं नाही, सरकारनं फसवलं नाही, चिठ्ठी खिशात होती. मी उठलो नाही.

चार दिवसांनी घरी आलो. तिला सांगितलं, "खाट खाली नाही म्हणले. पुन्हा बलावतो म्हणले."

ती म्हणाली, "असं कसं? चिठ्ठी तर त्यायचीच व्हती."

"मोठा दवाखाना हाय. गर्दी असते."

"नागपूर कसं हाय?"

"मोठं हाय."

पुढच्या आठवड्यात टपालवाला दुसरं कार्ड घेऊन आला. मी ओट्यावरच होतो. त्यानं मोठ्यानं वाचलं. सदर इसम हजर झाला नाही. आठ दिवस खाट राखून ठेवली होती. आता ती दुसऱ्या रोग्याला दिली आहे.

टपालवाल्यानं माझ्याकडं पाहिलं, कार्ड तिच्या हातात दिलं आणि सायकल हातात धरून पायीच निघून गेला.

मी वाट पाहत होतो की ती शिव्या देईल, डोक्यात काही घालेल. ती उभीच राहिली. मग म्हणाली, "आठ दिवस खाट खाली व्हती."

मी खाली पाहिलं.

"आठ दिवस," ती म्हणाली आणि कामावर गेली.

त्यानंतर तो सिनेमा धाडलाही आला. शाळेच्या खोलीत खिडक्यांना घोंगड्या लावून भरदुपारी दाखवला. मी मागं भिंतीला टेकून पाहिला. लोक नाला ओळखून हसले, मला पाहून हसले. मग अंगण आलं. मी तिरडीवर, आणि ती. कुंकू पुसलं, हात जमिनीवर आपटले. रडली नाही. पण मधेच तिनं मान वळवून माझ्या छातीकडं पाहिलं. जरा वेळ पाहतच राहिली. लोकांना वाटलं असेल, दुःखानं पाहते आहे. मला कळलं. मी फार पिऊन पडलो होतो. श्वास चालू आहे का, ते ती पाहत होती.

खोलीतून बाहेर पडलो आणि नाल्यात गेलो. दुसरीकडं कुठं जायचं ते मला माहीत नव्हतं.

पुढं किती वर्षं तशीच गेली. भट्टीची म्हातारी मेली, नाल्यात दुसरे बसू लागले. दारूबंदी सैल झाली, दुकानं आली. हमाल गेला, ढोलकीवाला गेला. मुलीचं लग्न तिच्या मामानं लावून दिलं. त्या मांडवात मी घेऊन गेलो होतो. बायको मागं बसली होती, बायांच्या शेवटच्या रांगेत, स्वतःच्या पोरीच्या लग्नात.

दारू माझी सुटली ती म्हातारपणी. सोडली असं म्हणणार नाही. पोटात ठरेना, रक्त पडायला लागलं, म्हणून गेली. यात माझी काही करणी नाही. ती गेली तोवर मला थेंब न घेता चार वर्षं झाली होती. पण तिला ते कधी पटलं नाही. सांज झाली की पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ यायची आणि हुंगायची. वास नाही आला तर आणखी संशय. एकदा मुलगी माहेरी आली होती, तेव्हा म्हणाली, "आता बिनवासाची निंगाली काय?" मी चिडून मुलीच्या डोक्यावर हात ठेवून आण घ्यायला गेलो, तर तिनं माझा हात धरून बाजूला केला. म्हणाली, "पोरीच्या डोक्यावर नको."

मी काय करायला पाहिजे होतं? माणूस पीत नाही, हे दाखवता येत नाही. पितो ते दिसतं.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. अंगात ताप, डोळे मिटलेले. मी गोळ्या आणायला गेलो होतो. चालून चालून दमलो होतो, दारात तोल गेला आणि चौकटीला धरलं. तिनं तो आवाज ऐकला.

डोळे न उघडता म्हणाली, "आले पेऊन?"

"नाही वं. गोळ्या आणाले गेलतो. चार वर्षं झाले, नाही पेत मी."

"बरं."

मी तिच्याजवळ बसलो, तोंड तिच्या तोंडाजवळ नेलं. म्हटलं, "हुंगून पाहाय." तिला नाकानं नीट श्वास घेता येत नव्हता. वास तिला येतच नव्हता.

मग ती हळूच म्हणाली, "दार लावून घ्या. लोक पाहतेत." मी पिऊन आलो की चाळीस वर्षं ती हेच म्हणत आली होती.

मी उठून दार लावलं.